मुंजीत वाटायला खणाच्या पिशव्या घरीच शिवायच्यात, सल्ला हवा

कात्रण
नमस्कार मंडळी. भाच्याची मुंज वैशाखात आहे. वहिनीने ठरवलंय की या वेळी स्टीलचे डबे वाटायचे नाहीत, खणाच्या पिशव्या वाटायच्या. ६० नग. शिवणार कोण, तर मी, कारण मशीन माझ्याकडे आहे. उषाचं साधं काळं मशीन, मोटर बसवलेली, सरळ टीप सोडून त्याला काही येत नाही. बाजारात तयार मिळतात त्या पाहिल्या. आतून कच्चे काठ, पट्टा वरच्या दुमडीत नुसता खोचलेला. दोन किलो कांदे घातले की संपलं.

तर कापड किती आणि कुठलं? चेन लावावी की टिच बटण पुरे? पिशवी मशीनमध्ये धुता आली पाहिजे हा माझा हट्ट. आणि वहिनीचा हट्ट असा की प्रत्येक पिशवीवर मुंजमुलाचं नाव आणि तारीख हवी. ते कसं घालायचं?

रविवारपेठकर
कात्रणताई, अख्खी पिशवी खणाची करू नका. खण चोळीचं कापड आहे, ओझ्याचं नाही. बऱ्याच खणांत नक्षीचे धागे उलट्या बाजूने मोकळे धावतात, त्यात किल्ली किंवा अंगठी अडकली की ओढ बसते. कापल्याबरोबर दशा सुटतात ते वेगळंच. पिशवी जाड मांजरपाटाची करा आणि खण फक्त वरच्या पट्टीला आणि बाहेरच्या खिशाला लावा. त्या तुकड्यांना मागून इस्त्रीने चिकटणारं फ्यूजिंग लावून मगच कापा.

हिशोब देतो. मांजरपाटाचा पन्हा ४४ इंची, म्हणजे साधारण ११२ सेंमी धरा. एका पिशवीला ३६ रुंद आणि ८४ लांब असा एकच तुकडा, तळाशी घडी, तळाला शिवणच नाही. पन्ह्यात आडवे तीन बसतात. म्हणजे ८४ सेंमीत तीन पिशव्या, ६० पिशव्यांना १६ मीटर ८० सेंमी. पट्टे १० रुंद, ६० लांब, १२० नग. पन्ह्यात ११ बसतात, त्याचे ६ मीटर ६० सेंमी. झाले २३ मीटर ४०. आटणं धरून २५ घ्या.

आणि आटणं म्हटलं तर ते कापण्याआधी आटवा. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, खळ निघेल, मग वाळवून इस्त्री. हे न करता शिवलंत तर पहिल्या धुण्यात मांजरपाट आटेल, खण त्याच्या मापाने आटणार नाही आणि खिसा चुण्या घेऊन बसेल.

तिरकस
नाव घालू नका. कळकळीची विनंती.

आमच्या घरी 'चि. अमुक यांच्या मौंजीबंधनाप्रीत्यर्थ' छापलेल्या पिशव्यांचा ढीग आहे. त्यातले निम्मे बटू आता नोकरीला लागले. मी भाजी आणायला जातो तेव्हा भाजीवाला वाचतो आणि विचारतो, "साहेब, मुंज कुणाची?" मला आठवत नाही.

सांगलीची_सून
@तिरकस, हसले खूप, पण पटलं नाही. भांड्यांवर नावं घालायची पद्धत काय उगाच होती का? सासूबाईंच्या एका पातेल्यावर त्यांच्या मावशीचं नाव आणि लग्नाची तारीख आहे. मावशी कधीच गेल्या, पण खिचडी करताना त्यांचं नाव निघतं. आमच्या घरात वर्षं-महिने लावायचे तर अजूनही ते पातेलं बघतात.

तिरकस
पातेलं घराबाहेर जात नाही, ताई. पिशवी चौकात जाते. आणि पातेल्यावरही नाव काठाजवळ, बारीक, देवनागरीत तिरपं. छातीवर बॅनर नाही.

बॉबिन
यातच उत्तर आहे की! नाव आतल्या बाजूला घाला. दोन सेंमी रुंदीची सुती पट्टी (टेप) मिळते, तिच्यावर नाव-तारीख छापून वरच्या दुमडीत आतून शिवायची. उघडणाऱ्याला दिसेल, भाजीवाल्याला नाही.

छापायला रबरी शिक्का बनवून घ्या, पण शाई कापडाची घ्या, कार्यालयातल्या शिक्क्याची नको. ती पहिल्या पाण्यात जांभळी ओघळते. फॅब्रिक कलर स्पंजने शिक्क्याला अगदी पातळ लावूनही चालतं. एक दिवस वाळू द्या, मग उलट्या बाजूने कोरडी गरम इस्त्री. इस्त्री टाळली की रंग धुण्यात जातो आणि मग लोक रंगाला नावं ठेवतात.

हाताने भरायचं असेल तर साखळी टाका घाला. पण एका नावाला वीस मिनिटं धरली तर ६० पिशव्यांचे २० तास होतात. तेवढ्यात भाचा संध्या पाठ करेल.

कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीवाले नावाची फाइल एकदा करून देतात, पुढे दर टाक्यांच्या संख्येवर. त्यामुळे अक्षर लहान आणि पोकळ ठेवलंत तर स्वस्त पडतं. त्यांच्याकडे शिवलेली पिशवी नेऊ नका, कापलेले सपाट तुकडे न्या. फ्रेममध्ये ताणायला सोपं जातं.

सांगलीची_सून
आतली पट्टी मान्य. ही तडजोड वहिनीलाही सांगता येईल.

आजोबा_ऑनलाइन
माझे वडील शिंपी होते. शाळेची दप्तरं आणि टपालाच्या धर्तीची खाकी खांदापिशवी शिवायचे. पट्ट्याबद्दल त्यांचं शिकवलेलं लिहितो.

पट्टा 'तुटला' असं आपण म्हणतो, पण नीट बघा, पट्टा शाबूत असतो आणि दोराही शाबूत असतो. फाटतं ते खालचं कापड. सगळं ओझं वरच्या काठावरच्या बोटभर जागेवर येतं. म्हणून पट्ट्याचं टोक काठापासून निदान चार सेंमी खाली यायला हवं आणि आतून त्याच कापडाचा तुकडा ठेवायला हवा, म्हणजे ओझं पसरतं. मग चौकोनात टीप मारून आत फुली. टीप एका दमात मारता येते, सुई कोपऱ्यावर रुतवून ठेवायची, पाय उचलायचा, कापड वळवायचं.

दुसरं म्हणजे टाका बारीक ठेवू नका. बारीक म्हणजे मजबूत ही समजूत चुकीची आहे. जाड कापडात बारीक टाका म्हणजे सुईने भोकांची रांग पाडणं, पोस्टाची तिकिटं जशी भोकांवरून फाटतात तसं कापड तिथेच फाटतं. तीन मिलिमीटरचा टाका ठेवा. सुई १६ नंबर. दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोरा दिसायला छान, पण पिशवी सारखी भिजणार असेल तर आधी तोच कुजतो.

८.१७ची_स्लो
आजोबा, हे कुठेतरी छापून ठेवा.

मी डोंबिवली ते दादर. माझी एकच सूचना, पट्टा लांब करा. ६० सेंमीचा पट्टा दोन्ही टोकं शिवून झाल्यावर ५० राहतो. तो हातात धरायला लांब, खांद्यावर घ्यायला आखूड. थंडीत स्वेटर असला तर काखेतच अडकतो. एक तर ४०चा करा, नाहीतर ७०चा. आणि गाडीत बॅग पुढे धरावी लागते, उघडी पिशवी असली की लक्ष सगळं त्याच्यात. चेन हवीच.

रविवारपेठकर
बरोबर आहे. ७०चा पट्टा केला तर पट्ट्यांचं कापड ७ मीटर ७० होईल. एकूण २६ मीटर घ्या.

बॉबिन
६० चेनी? साध्या मशीनवर? चेनचा पाय आहे का तुमच्याकडे, कात्रण? नसेल तर टिच बटणच लावा. किंवा तेही नको, एक नाडी आणि लाकडी मणी.

चेन लावायचीच तर मीटरवर मिळणारी ५ नंबरची नायलॉन चेन घ्या, रनर सुटे मिळतात. सुट्या चेनींपेक्षा खूप स्वस्त पडतं. रनर ओवायची युक्ती म्हणजे चेनचं एक टोक दोनेक सेंमी उघडून एका बाजूचे दात थोडे पुढे ठेवायचे, रनर आधी त्या बाजूने घालायचा, मग दुसरी. दोन्ही टोकांना कापडाचा छोटा तुकडा शिवून बंद करा, नाहीतर रनर घरंगळत कोचाखाली जातो.

८.१७ची_स्लो
माझ्या ऑफिस बॅगेची चेन मधूनच उघडते. रनर पुढे जातो, मागे दात उघडेच. चेन बदलायची का?

बॉबिन
थांबा, चेन बदलू नका. बहुतेक वेळा दात चांगले असतात, रनर सैल झालेला असतो. पक्कडीने रनरच्या मागच्या दोन्ही कडा एकेक करून हलकेच दाबा. हलकेच! जोर लावलात तर रनर फुटेल, आणि मग फक्त रनर बदला, तो काही रुपयांत मिळतो. घट्ट चालणाऱ्या चेनवर मेणबत्ती घासायची. धातूच्या चेनवर पेन्सिलचं शिसंही चालतं, पण पांढऱ्या पिशवीला नको, काळं होतं. तेल तर अजिबात नको, धूळ धरतं.

परदेशी_पाहुणी
इथे सिॲटलला प्रत्येक दुकान, प्रत्येक परिषद, प्रत्येक बँक कापडी टोट देते. माझ्याकडे इतक्या झाल्यात की त्या ठेवायला पिशवी घेतली. मला एक खटकतं. नव्या सुती कापडाची पिशवी पर्यावरणाला बरी असं आपण गृहीत धरतो. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा २०१८चा अहवाल वाचा. सगळे निकष धरले तर साधी सुती पिशवी ७१०० वेळा वापरली तरच ती पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. सेंद्रिय कापसाची २०,००० वेळा. मुंजीला ६० नव्या पिशव्या म्हणजे नक्की काय साधलं?

तिरकस
२०,००० वेळा म्हणजे रोज एकदा भाजी आणली तर ५४ वर्षं. नाव घालाच मग. मुंजमुलाच्या नातवाच्या मुंजीलाही तीच पिशवी.

हिशोबनीस
@परदेशी_पाहुणी, आकडे बरोबर आहेत, पण अर्धेच दिलेत. त्याच अहवालात नुसता हवामानबदलाचा निकष घेतला तर साध्या सुती पिशवीला ५२ वापर आणि सेंद्रियला १४९ वापर पुरतात. ७१००चा आकडा ओझोनच्या निकषामुळे फुगलाय. आणि फेकलेली पिशवी नाल्यात, समुद्रात जाऊन काय करते हे त्या अभ्यासात धरलेलंच नाही. डेन्मार्कमध्ये कचरा जाळून वीज आणि उष्णता करतात, त्यांचा प्रश्न वेगळा. आपल्याकडे २६ जुलै २००५ नंतर तुंबलेल्या नाल्यांमुळे प्लॅस्टिकचा विषय पेटला. २३ जून २०१८पासून राज्यात बंदीची अंमलबजावणी सुरू झाली, त्यातही नाल्यांचा मुद्दा होताच.

पण तुमचा मूळ मुद्दा मला मान्य आहे. नवं कापड घेऊन ६० पिशव्या करण्यापेक्षा घरातल्या जुन्या चादरी आणि पडदे काढा. जुन्या कापडाला कापूस पुन्हा पिकवावा लागत नाही.

गोधडीवाली
जुनी चादर मधोमध विरलेली असते, कडेची चांगली असते. उजेडासमोर धरून बघा, जिथे जाळी दिसेल तो भाग अस्तरालाही घेऊ नका. दोन थर एकावर एक ठेवून गोधडीचा धावदोरा घातला तर जुनं कापडही चांगलं ओझं उचलतं. पण ६०ला नाही जमणार बाई, एकीला तीन-चार दुपारी जातात. घरच्या पाच-सहा जवळच्यांना तशा करा, बाकीच्यांना मांजरपाट.

रविवारपेठकर
एक सांगायचं राहिलं. दुकानात 'कापडी' म्हणून देतात ती बिनविणीची, ठिपक्याठिपक्यांची पिशवी कापडी नसते. ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लॅस्टिकच. ६० जीएसएमपेक्षा (म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा) पातळ असेल तर केंद्राच्या नियमानुसार सप्टेंबर २०२१ अखेरीपासून त्यावर बंदी आहे. उन्हात ठेवली की काही महिन्यांनी भुगा होतो. कुणी त्यावर नाव छापायला इस्त्री फिरवू नका, इस्त्रीला चिकटते.

चिखलोत्सव
धागा बाजारभावाकडे जायच्या आत एक विचारतो. रत्नागिरीत राहतो. चामड्याची ऑफिस बॅग दर पावसाळ्यात पांढरी होते. बायको म्हणते खोबरेल लाव.

आजोबा_ऑनलाइन
खोबरेल नको. चामडं काळपट पडतं, पुढे तेलाला खवट वास येतो आणि त्यावर धूळ बसते. आधी बुरशी घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने झटका, घरात झटकलीत तर शेजारच्या बॅगेवर बसेल. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडकं घट्ट पिळून पुसा. आधी तळाशी करून बघा, रंग सुटत नाही ना. सावलीत, वाऱ्यावर वाळवा, उन्हात नाही, भेगा पडतात. पूर्ण वाळली की चामड्याचं क्रीम अगदी थोडं.

ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. आत कागदाचे बोळे, बाहेरून जुन्या धोतराची किंवा साडीची गवसणी. पण सगळ्यात मोठा उपाय म्हणजे वापरत राहा. रोजच्या बॅगेला बुरशी येत नाही, कपाटातलीला येते.

चिखलोत्सव
जुनी उशीची खोळ चालेल का गवसणी म्हणून? आणि दुसरी एक बॅग आहे, तिची सालं निघतायत. तीही चामड्याची म्हणूनच घेतली होती.

आजोबा_ऑनलाइन
खोळ उत्तम. सालं निघतात ते चामडं नव्हे. कापडावर पॉलियुरेथेनचा थर दिलेला असतो, तो हवेतल्या ओलाव्याने हळूहळू विरघळल्यासारखा होतो. कोकणात लवकर. त्यावर क्रीम, पॉलिश, काही नको, ते परत येत नाही. चेन, कड्या, पट्ट्याचे आकडे काढून घ्या आणि बाकी द्या टाकून. त्या कड्या कात्रणताईंच्या कामाच्या आहेत.

सांगलीची_सून
मूळ प्रश्नातलं धुण्याचं राहिलंच. खण धुवायच्या आधी पांढरं फडकं ओलं करून खणावर घासून बघा. लाल आणि जांभळा हमखास सोडतात. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो असं आपण ऐकलंय, पण आजच्या रंगांना त्याचा उपयोग नाही. जो खण रंग सोडतो तो पांढऱ्या मांजरपाटावर लावूच नका, त्याच्यासाठी गडद रंगाचं कापड घ्या. डब्याच्या तेलाचा डाग पडला की लगेच बेसन किंवा टाल्कम पावडर दाबून ठेवायची, तासाभराने झटकून मग साबण. पाणी आधी लावलं की डाग पसरतो.

गोधडीवाली
अवांतर, पण इतके पिशवीवेडे एका जागी जमलेत म्हणून विचारते. चंची कुणाला शिवता येते का? आमचे आजोबा कमरेला खोचायचे. पान, सुपारी, चुना, कात, सगळ्याला वेगळा कप्पा, आणि गुंडाळून दोरी फिरवली की मुठीएवढी. त्यांची विरून गेली, मापं घ्यायची राहिली.

बॉबिन
आमच्याकडे एक आहे, बघून सांगते. लांबट कापड दुमडून एका खाली एक कप्पे केलेत, प्रत्येक कप्प्याचं तोंड वरच्या कप्प्याच्या पोटाखाली येतं, त्यामुळे उलटी केली तरी सहसा काही सांडत नाही. शेवटी निमुळतं टोक आणि त्याला लांब दोरी. अंदाजे १८ रुंद आणि उलगडून ५० लांब. कडेने सगळीकडे गोट लावलाय, तोच सगळे थर धरून ठेवतो. मी तशी एक चार्जर, वायरी आणि पेन ड्राइव्ह ठेवायला केली, ऑफिसात तीन मैत्रिणींनी मागितली.

८.१७ची_स्लो
चौथी मी. फोटो टाका.

कात्रण
बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळे वाचून वहिनीशी बोलले. ठरलं ते सांगते.

नाव आतल्या पट्टीवर. वहिनी आधी तयार नव्हती, तिला तिरकस यांचा भाजीवाला वाचून दाखवला, मग हसली आणि मानली. बाहेर नाव नाही, नुसता खणाचा खिसा. मुलांच्या दहा पिशव्या वेगळ्या, त्यांच्यावर ज्याचं त्याचं पहिलं अक्षर साखळी टाक्यात, ते भाच्याच्या आज्या दोघी मिळून भरणार आहेत. चेन रद्द, टिच बटण. सासूबाईंकडे हॅंडलूमच्या जुन्या चादरी निघाल्या, उजेडासमोर धरल्या, निम्म्या चांगल्या आहेत, त्यांचे सगळे पट्टे होतील. म्हणजे मांजरपाट १८ मीटर पुरेल. @परदेशी_पाहुणी, तुमच्यामुळेच चादरी काढल्या हो.

आता एकच शंका. कडेच्या शिवणींना इंटरलॉक करून आणू का? ६० पिशव्यांच्या १२० शिवणी होतात. आणि तळाला रुंदी द्यावी का?

परदेशी_पाहुणी
माघार घेत नाही, पण दुरुस्ती मान्य! :)

आजोबा_ऑनलाइन
इंटरलॉकची गरज नाही. बंद शिवण घाला. पिशवीची सुलट बाजू बाहेर ठेवून काठापासून अर्ध्या सेंमीवर पहिली टीप. सुटलेल्या दशा कातरून टाका, उलटी करा, शिवण इस्त्रीने किंवा नखाने बसवा आणि पाऊण सेंमीवर दुसरी टीप. कच्चा काठ आत कोंडला जातो. पिशवीची रुंदी साडेतेहतीसच्या आसपास राहील, तेवढी पुरे.

तळाला ८ सेंमी रुंदी द्या, डबा सरळ बसतो. पिशवी उलटी असताना कोपरा चिमटून त्रिकोण करा, शिवण मधोमध आली पाहिजे. टोकापासून ४ सेंमीवर आडवी रेघ काढा, ती ८ लांब भरेल, तिच्यावर दोनदा टीप मारा. त्रिकोण कापू नका, तळाकडे दुमडून टाचून टाका, तळ जाड होतो.

आणि एकेक पिशवी पूर्ण करत बसू नका. एक दिवस फक्त कापणं, एक दिवस फक्त पट्टे, मग सगळे खिसे. साध्या मोटरीला मध्ये मध्ये थंड होऊ द्या, हात लावून बघा. दर दहा-बारा पिशव्यांनंतर सुई बदला, मांजरपाट सुईचं टोक खातो. टीप सुटायला लागली की लोक मशीनचे स्क्रू पिळत बसतात, दोष सुईचा असतो.

रविवारपेठकर
टिच बटणं दाबायची पक्कड विकत घेऊ नका, माझ्याकडे आहे. बिबवेवाडीच्या बाजूला असाल तर निरोप करा, देतो. बटणाखाली फ्यूजिंगचा तुकडा मात्र ठेवा, नाहीतर पहिल्या ओढीला बटण कापडासकट हातात.

कात्रण
बिबवेवाडीच! निरोप करते. शनिवारी संध्याकाळी चालेल?

तिरकस
ताई, एक पिशवी माझ्यासाठी बाजूला ठेवा. आतल्या पट्टीवर 'भाजीवाल्याने वाचू नये' एवढंच.